एक्लो ते ब्रुग्ज : बांधांवरून, गाड्या नसलेल्या रस्त्यांनी

सायकल मला येत होती. लहानपण पेणजवळच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, गेलं. शाळेचा रस्ताच बांधावरून होता आणि त्यावर माणसं, म्हशी आणि सायकली एवढीच रहदारी. पुढे कॉलेजसाठी पुण्याला आले. तिथे एका मैत्रिणीला बसचा धक्का लागताना डोळ्यांदेखत पाहिलं आणि सायकल सुटली ती सुटलीच. ती वाचली, पण माझ्या मनातली भीती गेली नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बेल्जियममध्ये गेंटला आलो, तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. इथे दूध आणायला, मुलांना शाळेत सोडायला, ऑफिसला, सगळीकडे सायकल. मी मात्र ट्रामने जायचे. मागून गाडीचा आवाज आला की माझे हात आखडायचे आणि हँडल आपोआप डावीकडे ओढलं जायचं. भारतात डावीकडे सरकणं म्हणजे रस्त्याच्या कडेला जाणं. इथे वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे डावीकडे सरकणं म्हणजे थेट गाडीपुढे जाणं. शरीराला लागलेली सवय कशी मोडायची, हा माझा खरा प्रश्न होता.

गेल्या सप्टेंबरमध्ये मी एकटी, सायकलवरून, गेंटजवळच्या एक्लोहून निघून नेदरलँड्समधल्या झीलंड प्रांताच्या दक्षिण भागातून परत बेल्जियममध्ये ब्रुग्जला पोहोचले. इथे नव्याने आलेल्या मराठी मैत्रिणी हे कसं जमलं असं विचारतात, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. कागदपत्रं, खर्च, वाट पाहणं, सगळंच.

जानेवारीत प्रौढांसाठीच्या सायकल वर्गात नाव नोंदवलं. असे वर्ग इथल्या बऱ्याच शहरांत असतात, नगरपालिकेच्या माहिती केंद्रात विचारलं की कळतं. प्रतीक्षायादी होती, मार्चमध्ये नंबर लागला. फी 40 युरो. बरोबर मोरोक्को, अफगाणिस्तान, इथिओपियातून आलेल्या बायका होत्या, काहींनी तर आयुष्यात पहिल्यांदाच सायकलला हात लावला होता. आधी रिकाम्या पार्किंगमध्ये आठ आकडा काढायचा, मग गल्लीत, मग चौकात. आमच्या शिक्षिकेचा भर एकाच गोष्टीवर होता : हँडल न हलवता डाव्या खांद्यावरून मागे बघणं. ती मागे उभी राहून बोटं वर करायची आणि आम्ही पुढे जाता जाता मागे वळून किती बोटं ते ओरडून सांगायचं. मला हे जमायला बराच वेळ लागला, पण जमलं त्या दिवशी अर्धी भीती गेली. मागे काय आहे ते दिसलं की हात आखडत नाहीत.

तिथेच एक नियम पक्का झाला, तो सगळ्यांनी लक्षात ठेवावा. जिथे कुठलीच पाटी नाही किंवा रस्त्यावर खुणा नाहीत, त्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. सायकल असो की ट्रक. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतील आणि त्यांची टोकं आपल्याकडे रोखलेली असतील, तर थांबायचं आपण. शेतांमधल्या चौकांत पाटी बहुधा नसतेच, म्हणून हे शहरापेक्षा तिथे जास्त उपयोगी पडतं.

एप्रिलमध्ये सायकल घेतली. जुनी, दुरुस्त केलेली, तीन महिन्यांची हमी असलेली, 210 युरोंना. पाय वर न उचलता चढता येईल अशी खाली दबलेली फ्रेम, आठ गिअर, मडगार्ड, कॅरिअर आणि पंक्चरला दाद न देणारे जाड टायर. नवी घेतली असती तर सहज तिप्पट किंमत पडली असती. हेल्मेट 45 युरो. साध्या सायकलला इथे हेल्मेटची सक्ती नाही, मी घालतेच. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा मात्र अंधारात हवाच, आणि घंटी तर कायमच हवी.

मग नोंदणी. चोरी इथेही होते. सरकारच्या 'मायबाइक' या यंत्रणेत सायकल फुकट नोंदवता येते. ओळखपत्राच्या ॲपने लॉगिन करायचं, फ्रेमवरचा नंबर, रंग आणि फोटो भरायचे. तो नंबर बहुतेक सायकलींना पायडलच्या खाली कोरलेला असतो. माझ्या सायकलीवर तो ग्रीसखाली दडलेला होता, रॉकेलच्या बोळ्याने पुसल्यावर दिसला. स्टिकर हातात यायला काही दिवस लागले. दुसरं काम म्हणजे घरातली विम्याची फाइल काढून बघणं. इथे बऱ्याच घरांनी कौटुंबिक दायित्व विमा घेतलेला असतो. आपल्या सायकलने दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो उपयोगी येतो. आमचा होता, पण मला त्याचा पत्ताच नव्हता.

मे महिन्यात शेजारच्या आजींनी एक कागद हातात ठेवला. त्यावर नुसते आकडे होते. त्या म्हणाल्या, "बाई गं, तुला गाड्यांची भीती वाटते ना? मग शहरात कशाला शिकतेस? उत्तरेला जा, पोल्डरमध्ये. तिथे भेटला तर एखादा ट्रॅक्टर भेटेल."

पोल्डर म्हणजे बांध घालून पाण्यापासून मिळवलेली जमीन. आणि कागदावरचे ते आकडे म्हणजे सायकलच्या जाळ्यातले जोडबिंदू. ही पद्धत ह्यूगो बोलन नावाच्या खाण अभियंत्याच्या डोक्यातून निघाली. कोळशाच्या खाणीत वाटा जिथे मिळतात त्या जागांना आकडे देतात, तसे जमिनीवरच्या सायकलवाटांनाही द्यावेत असा त्यांचा विचार. 1995 मध्ये बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतात पहिलं जाळं उभं राहिलं आणि मग सगळं फ्लँडर्स, म्हणजे बेल्जियमचा डच बोलणारा उत्तर भाग, आणि नेदरलँड्स त्याने विणलं गेलं. दोन वाटा मिळतात तिथे आकडा लावलेला खांब, आणि पुढच्या आकड्याकडे बाण. आपण घरी बसून आकड्यांची रांग लिहून घ्यायची आणि रस्त्यात फक्त पुढचा आकडा शोधायचा. गावांची नावं वाचता आली नाहीत तरी चालतं. मला हे फार दिलाशाचं वाटलं, कारण तेव्हा माझं डच कच्चं होतं. आखणीसाठी फीट्सनेट ही साइट सोपी आहे. मी आकडे ठळक मार्करने पट्टीवर लिहून हँडलला चिकटवते. फोन सारखा बघावा लागत नाही, बॅटरीही वाचते. आमच्या भागात आकडे 1 ते 99 एवढेच असल्यामुळे थोड्या अंतरावर तेच पुन्हा येतात, म्हणून शेजारच्या दोन बिंदूंशी ताडून बघायचं.

गेंटहून एक्लोला दोन डब्यांची डिझेल गाडी जाते. सायकलचं वेगळं तिकीट, एका फेरीचे तेव्हा 4 युरो, अंतर कितीही असो. फलाटावर गाडी थांबली की सायकलचं चित्र असलेलं दार शोधायचं आणि गार्डला हात करायचा. तो बघतो, थांबतो. पहिल्या वेळी पोटात गोळा आला होता. गार्डने सायकल कुठे टेकवायची ते दाखवलं, पट्टा लावला आणि निघून गेला.

एक्लोपासून उत्तरेला काप्रैके गावाच्या पुढे जमीन सपाट होते. डोंगर नाही, टेकाड नाही, उंचवटा म्हणजे फक्त बांध. या भागाला खाड्यांचा प्रदेश म्हणतात. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून समुद्राच्या मोठ्या पुरांनी इथले बांध फुटत गेले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, स्पेनविरुद्धच्या ऐंशी वर्षांच्या युद्धात, शत्रूला अडवायला माणसांनीच बांध फोडून समुद्र आत घेतला. नंतर पुन्हा बांध घालून जमीन मिळवली, पण पाणी जिथे खोल शिरलं होतं तिथे खाड्या राहून गेल्या. बुरेक्रेक, रोडे खूल, होलंडर्सगाट अशी त्यांची नावं. आता त्यांना भरती-ओहोटी नाही. काठाला बोरू, पाण्यात चक्रवाक आणि बगळे.

एके ठिकाणी सरळ चाललेला बांधावरचा रस्ता उगाचच अर्धगोल वळसा घेतो आणि वळशाच्या पोटात एक गोल, काळं, खोल तळं असतं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी थांबलेच. हे काय आहे ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. ही खांड! बांध फुटला की पाणी तिथली जमीन उकरत खोल जातं, तो खड्डा भरणं शक्य नसतं, म्हणून नवा बांध त्याला वळसा घालून बांधतात. खारेपाटात आमच्या आजोबांचं निम्मं आयुष्य खांडी बुजवण्यात गेलं. उधाणाच्या रात्री गावातले सगळे पुरुष पेंढा, चिखल, दगड घेऊन बांधावर असायचे. इथल्या शेतकऱ्यांच्या पूर्वजांनीही हेच केलं. फरक एवढाच की इथे त्यासाठी शेकडो वर्षांपूर्वीच पोल्डरमंडळं उभी राहिली आणि ती आजही कर घेतात, नाले साफ करतात, पाण्याची पातळी राखतात. त्या वळणावर मी बराच वेळ बसले आणि आईला फोन लावून तळं दाखवलं. ती म्हणाली, "अगो, ही तर आपल्याच बांधासारखी खांड. उघाडी कुठे आहे?" उघाडी, म्हणजे शेतातलं पाणी बाहेर सोडायची झडप, पुढच्याच नाल्यावर होती, विटांच्या कमानीत बसवलेली.

हे रस्ते मोकळे आहेत ते आपोआप नव्हे. शेतरस्त्याच्या तोंडाशी पाटी असते : फक्त स्थानिक वाहनं. काही ठिकाणी रस्त्याच्या मधोमध काँक्रीटचा ठोकळा असतो. ट्रॅक्टर उंच असल्यामुळे तो त्यावरून जातो, सायकल बाजूने जाते, मोटारीचा तळ मात्र अडकतो. म्हणजे मधली वाट म्हणून शेतातून गाडी घालणाऱ्याला वाटच उरत नाही. असला ठोकळा पहिल्यांदा ओलांडला तेव्हा मला हायसं वाटलं. मागून आवाज येणार नाही याची कुणीतरी हमी दिली होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा खांदे सैल सोडून सायकल चालवली. आपल्याकडे गावाबाहेरचे रस्ते रुंद करण्याची चर्चा फार होते, असा एक ठोकळा बसवण्याची कधीच होत नाही. शाळेच्या वाटेवर तो किती मुलींना सायकलवर बसवेल!

जून, जुलै, ऑगस्ट असे शनिवारी सकाळी जात राहिले. पंधरा किलोमीटरवरून पंचवीस, मग चाळीस. नवरा आधी बरोबर यायचा, मग मीच त्याला घरी राहायला सांगितलं. पंक्चर काढायला एका कार्यशाळेत शिकले. रस्त्याकडेची काटेरी कुंपणं छाटतात तेव्हा काटे डांबरावर पडतात, त्यामुळे सुटी ट्यूब, दोन पाने आणि छोटा पंप कायम पिशवीत ठेवावा. भर शेतात दुकान नसतं. पाण्याचा नळही सहसा मिळत नाही, दोन बाटल्या भरून न्याव्यात. मात्र गावांच्या कडेला शेतकऱ्यांनी ठेवलेली नाण्यांची यंत्रं असतात, त्यांत बटाटे, अंडी, मोसमात स्ट्रॉबेरी. काही गावांत तर पावाचं यंत्र असतं. नाणी जवळ ठेवा, सगळी यंत्रं कार्ड घेत नाहीत. रविवारी दुपारी खेड्यात सगळं बंद असतं, पण सकाळी बेकरी उघडी मिळते.

ऑगस्टअखेरीस ठरवलं की आता दोन मुक्कामांचा प्रवास करायचा. नेदरलँड्समध्ये 'व्रिंडन ऑप द फीट्स' नावाची संस्था आहे. वर्गणी भरून सभासद झालं की सायकलवरून किंवा पायी येणाऱ्यांना आपल्या घरात एक रात्र ठेवणाऱ्या लोकांचे पत्ते मिळतात. दर ठरलेला, नाश्ता त्यातच. एकट्या बाईला हॉटेलपेक्षा हे मला जास्त सुरक्षित वाटलं. बऱ्याच घरांना फोनच करावा लागतो. मी डचमधली वाक्यं कागदावर लिहून घेतली आणि फोन लावला. पहिल्या घरी जागा नव्हती, दुसऱ्या घरी उचललाच नाही, तिसऱ्या घरच्या काकूंनी माझं अडखळणं ऐकून सावकाश बोलायला सुरुवात केली. फिलिपिनेजवळ एक मुक्काम आणि स्लाउसजवळ दुसरा, असं पक्कं झालं. सीमा ओलांडताना कुणी अडवत नाही, सीमेचा दगडही शोधावा लागतो, पण ओळखपत्र आणि आरोग्य विम्याचं युरोपीय कार्ड बरोबर असू द्या.

12 सप्टेंबर, शुक्रवार. सकाळच्या गाडीने एक्लो. पहिला दिवस मुद्दाम ओळखीच्या रस्त्यांचा ठेवला होता. काप्रैके, बुरेक्रेक, सिंट-यान-इन-एरेमो. मग वाटरव्लीट, एवढ्याशा गावाला न शोभणारं भलं मोठं चर्च असलेलं, दुरूनच दिसणारं. वाटेत लेओपोल्ड कालवा लागतो. बेल्जियम 1830 मध्ये नेदरलँड्सपासून वेगळा झाला, तेव्हा इथल्या शेतांचं पाणी समुद्रात सोडायची वाट परक्या देशात गेली, म्हणून स्वतःच्या हद्दीतून समुद्रापर्यंत हा कालवा खणला. ऑक्टोबर 1944 मध्ये याच कालव्यावर कॅनडाच्या सैनिकांनी मोठी किंमत मोजून स्खेल्डे नदीच्या मुखाकडची वाट उघडली. आडेगेमला त्यांची दफनभूमी आहे. कुणी या बाजूला आलं तर तिथे जरूर थांबावं. मी उन्हाळ्यात जाऊन आले होते. दगडांवरची वयं वाचवत नाहीत.

पुढचं गाव बूकहाउटे. आज चहूबाजूंनी शेतं, पण इथे कोळ्यांचं बंदर होतं. होड्यांवर 'बीओयू' ही अक्षरं असायची. ब्राकमान नावाची खाडी हळूहळू गाळाने भरत गेली आणि 1952 मध्ये तिच्या तोंडावर धरण घालून समुद्रच बंद केला. होड्या दुसऱ्या बंदरांत गेल्या. सीमेपलीकडचं फिलिपिने त्याच खाडीवरचं. तिथला समुद्रही गेला, पण शिंपल्यांच्या खानावळी मात्र राहिल्या. संध्याकाळी मी एकटी एका टेबलावर बसून काळ्या शिंपल्यांचं अख्खं पातेलं संपवलं, कोकणात शिणाणे म्हणतात तसलेच. कांदा, सेलेरी आणि वाइनमध्ये उकडलेले. 27 युरो. आईच्या हातचं ओलं खोबरं आठवलं.

त्या रात्रीच्या यजमान काकू सत्तरीच्या. सकाळी त्यांनी खिडकीतून झाडांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आज तुम्हाला डोंगर चढायचाय." वारा पश्चिमेकडून, आणि मला जायचं पश्चिमेलाच.

इथे येणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घ्यावं. सपाट मुलूख म्हणजे सोपा मुलूख नव्हे. इथे चढ नाही तर वारा आहे, आणि चढाला उतार असतो, वाऱ्याला नसतो. हवामानाच्या बातम्यांत वाऱ्याचा जोर आकड्यात सांगतात. 3 पर्यंत मजेत जाता येतं. 4 म्हणजे ताशी 20 ते 28 किलोमीटर, तेव्हा दम लागतो. 5 च्या पुढे नवख्याने उलट दिशेला निघूच नये. त्या शनिवारी 4 होता, झोत 5 चे.

ब्राकमानच्या पुढे उजवीकडे टेर्नेउझनच्या रासायनिक कारखान्याच्या चिमण्या दिसतात, धूर माझ्या उलट दिशेला, पूर्वेकडे आडवा वाहत होता. बीरव्लीटपर्यंत एवढं काही वाटलं नाही. तिथून आइझेन्डाइकेच्या वाटेला मात्र उघड्या शेतात शिरले आणि सायकल जागच्या जागी उभी राहिल्यासारखी झाली. काँक्रीटच्या लाद्यांचा रस्ता, प्रत्येक सांध्याला टक्. एरवी तो टक्‌टक् आवाज भरभर येतो, त्या दिवशी एक टक् झाला की पुढच्याची वाट बघायची. कानात वाऱ्याची घरघर. समोर चर्चचा मनोरा दिसत होता आणि जवळ येत नव्हता. एका क्षणी रडू आलं. थांबले, बांधाच्या उताराला टेकून बसले, शेंगदाण्याचा लाडू खाल्ला, पाणी प्यायले.

आणि बसल्यावर लक्षात आलं की इथे वारा लागतच नाही. मी बांधाच्या पूर्वेच्या पोटाशी बसले होते. मग नकाशा काढून नीट बघितलं. या मुलखात बांधांमागे बांध आहेत. समुद्र मागे हटवत नेला तसा बाहेर नवा बांध झाला आणि जुना आत राहिला. पाडला नाही, कारण बाहेरचा फुटला तर आतला हवा. त्यातले बरेच उत्तर-दक्षिण जातात. काहींच्या माथ्यावर रस्ता आहे, काहींच्या पायथ्याशी, काहींवर पॉप्लरची दाट रांग. मी आकड्यांची पट्टी काढून टाकली आणि नवी लिहिली : बांधाच्या आडोशाने उत्तरेला किंवा दक्षिणेला जायचं, उघडा तुकडा छोटासाच घ्यायचा, की पुन्हा आडोसा. अंतर वाढलं, पण जीव भांड्यात पडला. सगळ्यात हलका गिअर, कोपर वाकवून अंग खाली, वेगाकडे बघायचं नाही. आइझेन्डाइकेला गरम सूप घेतलं तेव्हा हात थरथरत होते, पण पुढे जायचं की नाही असा प्रश्न मनात आला नाही.

रस्त्याकडेच्या पाट्यांवर 'स्खेल्डेस्ट्रोमेन' हे नाव दिसत राहतं. हे पाणीमंडळ. झीलंडमध्ये गावाबाहेरचे बहुतेक रस्ते याच मंडळाच्या ताब्यात आहेत, कारण बरेच रस्ते बांधांवर आहेत आणि बांध मंडळाचे. पंपही तेच चालवतं. त्याची निवडणूक होते, लोक मत देतात. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. आपल्याकडे खारभूमीचे बांध कुणाचे यावरून शेतकरी आणि सरकारी खाती यांच्यात अर्जांचे गठ्ठे फिरतात आणि तोवर खारं पाणी शेतात शिरतं. बांध, पाणी आणि रस्ता एका हाताखाली, आणि तो हात निवडून दिलेला असला, की काय होतं ते इथे चाकाखाली जाणवतं.

सप्टेंबर म्हणजे कांदे आणि बटाटे काढायचा हंगाम. पुढे बीटही सुरू होतं. ट्रॅक्टर मोठाले असतात, अख्खा रस्ता व्यापतात आणि चिखल सांडत जातात. ओल्या चिखलावर ब्रेक दाबू नका, वळू नका, सरळ जाऊ द्या. ट्रॅक्टर आला की मी उतरून गवतात उभी राहायचे. प्रत्येकाने हात वर केला. कांद्याचा वास ओस्टबर्गपर्यंत साथीला होता. स्लाउसला पोहोचले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजत आले होते. बेल्फ्री, म्हणजे चर्चचा नव्हे तर नगरसभेचा जुना घंटामनोरा, असलेलं नेदरलँड्समधलं हे एकमेव गाव. मला तेव्हा फक्त खुर्ची हवी होती.

रविवारी लवकर निघाले. सकाळी वारा कमी असतो, दुपारी वाढतो, म्हणून उघड्या भागातले किलोमीटर नाश्त्यानंतर लगेच उरकावेत. स्लाउस ते ब्रुग्ज हा कालवा नेपोलियनच्या काळात, 1811 नंतर, स्पॅनिश युद्धकैद्यांकडून खणून घ्यायला सुरुवात झाली. दोन्ही काठांना उंच पॉप्लर, सगळे एकाच बाजूला झुकलेले. वारा कुठून येतो ते झाडांनी लिहूनच ठेवलंय. मध्ये दोन मोठे कालवे आडवे जातात, ते पुलांवरून ओलांडायचे. इथे दुसरी रहदारी असते : रेसिंग सायकलवाल्यांचे थवे. मागून हाक येते, मग झुंडीने सुसाट निघून जातात. घाबरून बाजूला होऊ नका, आपली रेघ धरून सरळ चालत राहा, ते तेवढंच गृहीत धरतात. डाव्या खांद्यावरून मागे बघितलं, ते येताना दिसले, हात आखडले नाहीत.

डामेला कॉफी घेतली आणि दुपारी एकच्या आत ब्रुग्ज स्टेशन. फलाटावर जायला लिफ्ट आहे. पुन्हा 4 युरोंचं सायकल तिकीट, अर्ध्या तासात गेंट. दोन मुक्काम, जेवणखाण, गाड्यांची तिकिटं मिळून 160 युरोंच्या आसपास खर्च आला. गुडघे दोन दिवस दुखले, तळहातांना मुंग्या येत होत्या. हातमोजे घातले असते तर बरं झालं असतं असं दुकानदार म्हणाला, आता घेतलेत, 18 युरो.

ज्यांना पहिल्यांदाच जायचंय त्यांनी शक्य असेल तर हाच रस्ता उलटा करावा, ब्रुग्जहून सुरुवात आणि एक्लोला शेवट. इथे वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्य-पश्चिमेचा असतो, तो पाठीशी राहील. मी ओळखीच्या बाजूने सुरुवात केली, कारण मला वाऱ्यापेक्षा अनोळखी रस्त्याची धास्ती जास्त होती. ज्याची त्याची भीती बघून ठरवावं. मुक्काम महिनाभर आधी पक्के करा, मे महिन्यातल्या जोडसुट्ट्यांत तर त्याहूनही आधी. निघायच्या आदल्या रात्री वाऱ्याची दिशा बघून आकड्यांची पट्टी लिहा, आणि आडोशाच्या बांधांची दुसरी पट्टी पिशवीत ठेवा.

मला आता ब्रेस्केन्सहून फेरीने स्खेल्डे ओलांडून व्लिसिंगेनला जायचंय. नदीखालच्या बोगद्यातून सायकल चालवत नेता येत नाही, पण फेरी मुख्यतः पायी जाणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठीच आहे, वीस-पंचवीस मिनिटांची. वर्गातली इथिओपियाची मैत्रीण येते म्हणाली आहे. एप्रिलची तारीख धरून तिसऱ्या घरच्या त्याच काकूंना फोन केलाय, दोन खाटा ठेवा म्हणून.